तुटत नाही ते अख्खं लिही

सोमवार, ९ फेब्रुवारी

आई,

आज प्लांटला गेलो नाही. सकाळी चहा केला, कालची पोळी तव्यावर गरम करून खाल्ली आणि स्कूटर काढून हॉस्पिटलला आलो. आता दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसलो आहे. आमच्या कारखान्यातल्या पॉलिशवाल्याला शनिवारी ॲसिड लागलं. उजव्या हाताचा अंगठा. मोठे डॉक्टर राउंड संपवून येतील, पट्टी उघडतील आणि अंगठा राहतो की कापावा लागतो ते सांगतील. तोवर मला काही काम नाही. बॅगेत कोरे कागद होते. मला लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. माझी निबंधाची वही तू उघडायचीस आणि काही न बोलता मिटायचीस. पण शनिवारपासून तू सारखी आठवते आहेस, आणि या बाकावर दुसऱ्या कुणाशी हे बोलण्यासारखं नाही. बायको नागपूरला तिच्या भावाकडे गेली आहे. तिला फोनवर एवढंच सांगितलं की कामावर एकाला लागलं आहे.

तू गेलीस तेव्हा मी सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्चं लोखंड बनवणाऱ्या, कारखान्यात लॅबमध्ये होतो. त्यानंतर उरल्याच्या कारखान्यात आलो. हा कारखाना तू पाहिला नाहीस. लहानच आहे. स्टेनलेसच्या टाक्या आणि पाइप बनतात, दूध डेरीवाल्यांसाठी, औषधवाल्यांसाठी. वेल्डिंग झालं की जोडावर निळा-काळा डाग पडतो. तो काढायला एक पातळ द्रावण लागतं, आणि त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते द्रावण मी बनवतो, मी तपासतो, आणि वापरून झाल्यावर चुना घालून शांतही मीच करतो. कामगार त्याला नुसतं 'पानी' म्हणतात. दिसायला पाण्यासारखंच आहे. नायट्रिकसारखा त्याचा धूर डोळ्यांत जात नाही, हातावर पिवळा डाग पडत नाही. म्हणून त्याची कुणाला भीती वाटत नाही. मी दर नव्या माणसाला सांगतो, तो मान डोलावतो आणि बाहेर जाऊन हसतो.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर हा पॉलिशवाला लॅबच्या दारात आला. माझ्याच वयाचा आहे, कवर्ध्याकडचा, जोडावर चाक फिरवून असं पॉलिश करतो की जोड कुठे होता ते सापडत नाही. त्याचं सगळं काम अंगठ्यावर आहे. चाकाचा दाब अंगठ्याने कमी-जास्त करायचा असतो. तो दुसरे हातमोजे मागायला आला होता. म्हणाला, हा आतून ओला झाला. मी विचारलं कशाने. तर म्हणे, तुमच्याच पाण्याने. मी त्याचा हात उजेडात धरला. अंगठ्याच्या टोकाला कातडी थोडी पांढरी दिसत होती, बस. आग होते का म्हटलं तर तो हसला. एवढ्यात शिफ्ट इंचार्ज आला. नवीनच आहे, बी.एस्सी. झालेला, स्वभावाने चांगला. त्याने हात पाहिला आणि म्हणाला, "सर, ये तो स्ट्राँगवाली लिस्ट में आता ही नहीं. वीक है. इसने धो भी लिया. जाने दीजिए, आज माल निकालना है."

तो खोटं बोलत नव्हता. त्या यादीत ते येत नाहीच. कुठल्याही कॉलेजात ही यादी पाठ करून घेतात, की एवढी आम्लं प्रबल आणि बाकीची दुर्बल, आणि परीक्षेपुरतं तेवढ्यावर भागतं. पण त्याने ते म्हटलं आणि मला तुझा आवाज ऐकू आला. आठवला असं नाही म्हणत, ऐकू आला. तात्यापाऱ्यातल्या आपल्या घराच्या समोरच्या खोलीतला.

ती खोली संध्याकाळी तुझ्या रसायनाच्या शिकवणीचा वर्ग व्हायची. तू शाळेतून यायचीस, हातपाय धुवायचीस, चहा प्यायचीस, आणि सतरंजी अंथरायचं काम माझं. बारावीची पोरं-पोरी दाटीवाटीने बसायची. बाबांची रेल्वेची ड्यूटी. ते आत झोपलेले असले की सगळ्यांनी हळू बोलायचं. मी त्या पोरांतच बसायचो, कारण मीही बारावीला होतो. आणि तुझा तो नियम. त्या तासात मी तुझा मुलगा नाही. तुला मॅडम म्हणायचं, सगळ्यांसारखं हिंदीत बोलायचं. इतरांना तू 'बेटा' तरी म्हणायचीस. मला तेही नाही. मला 'आप बताइए'. मी काही चुकलो की 'आप फिर से देखिए'. मागची पोरं कुजबुजायची, "मॅडम से पूछ न, आज सब्जी क्या बनी है." मला हे फार लागायचं. मी तुला कधी बोललो नाही. पुढे वाटलं की बाकीच्यांना वाटू नये, हा घरचा आहे म्हणून याचं सोपं आहे, यासाठी तू तसं करत असशील. तू मात्र कधी कारण दिलं नाहीस.

त्या दिवसांत नेट आयनिक समीकरणं चालली होती. आम्ल आणि अल्कली एकत्र केली की काय होतं ते लिहायचं, पण सगळं लिहायचं नाही. पाण्यात जे तुटून सुटं होतं ते सुटं लिहायचं. मग बाणाच्या दोन्ही बाजूंना जे जसंच्या तसं दिसतं ते काटायचं. उरलं ते खरं काम. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा घेतला, तर सोडियम आणि क्लोराइड आले तसेच राहतात. ते कटले की उरतं एवढंच:

H⁺ + OH⁻ → H₂O

कटणाऱ्यांना पुस्तकात दर्शक आयन म्हणत, पोरं त्यांना बाराती म्हणायची, लग्न दुसऱ्याचं आणि हे नुसते येऊन गेलेले. तू त्यावर हसायचीस आणि सांगायचीस की काटा, पण ते उठून गेले असं समजू नका, पाणी आटवून पाहा, मीठ होऊन खाली बसलेले सापडतील. मला ही समीकरणं आवडत होती. पसारा आवरल्यासारखं वाटायचं.

त्या संध्याकाळी तू फळ्यावर जोड्या लिहून देतेस आणि म्हणतेस, करा. मी सुरू करतो. पहिल्याचं उत्तर तेच येतं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचंही तेच. मला वाटतं, सापडली किल्ली. आम्ल काहीही असो, अल्कली काहीही असो, शेवटी उरतं पाणीच. मग मी जोड्या वाचत नाही. डावीकडे तोडतो, उजवीकडे तोडतो, दोन रेघा मारतो आणि खाली तेच उत्तर लिहितो. शेवटची जोडी आहे हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा. तीही मी तशीच तोडून, काटून ठेवतो. सगळ्यांच्या आधी माझं होतं. मी पेन्सिल खाली ठेवून भिंतीला टेकून बसतो, आणि तू माझ्या मागे येऊन उभी राहतेस.

तू नियम मोडलास तो तेवढा एकदाच. सगळ्यांसमोर, मराठीत म्हणालीस, "हात चालून राहिला तुझा. डोळे कुठं आहेत? हे वाचलं काहून नाही?"

सगळ्यांनी माना वर केल्या. त्यातल्या निम्म्यांना मराठी येत नव्हती, पण कळलं सगळ्यांना. मी वहीत पाहिलं. शेवटच्या जोडीतल्या आम्लावर बोट ठेवून तू विचारलंस, हा पाण्यात तुटते का? मी नियम धरून हिंदीतच म्हणालो, "थोड़ा तो टूटता है, मॅडम."

"थोडा तुटते. मग बाकीचा कुठं जाते?"

मी पेन्सिल उचलून ती जोडी पुन्हा वाचू लागलो.  तू माझ्या हातातली पेन्सिल घेतली नाहीस, काही लिहून दिलं नाहीस. म्हणालीस, "तुटत नाही ते अख्खं लिही," आणि पुढच्या मुलीकडे वळून हिंदीत सुरू झालीस, जसं काही झालंच नाही. मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं:

HF + OH⁻ → F⁻ + H₂O

या वेळी फ्लोराइड कटत नव्हता. डावीकडे तो हायड्रोजनला धरून बसलेला, उजवीकडे सुटा. नुसता बाराती नव्हता तो. उत्तर बरोबर आलं, पण मला पटलं नव्हतं. थोडासा तुटणारा म्हणजे थोडंसंच आम्ल, असं मी धरून चाललो होतो, आणि थोड्याशासाठी एवढं बोलायचं काय कारण, म्हणून मी रुसलो होतो.

पोरं गेली. मी सतरंजी घडी केली आणि आत गेलो नाही. तू स्वयंपाकघरातून हाक मारलीस, "ये इकडं. रुसून काय राहिला पोट्टा." गॅसवर भात होता. ओट्यावर तू दोन कप ठेवले होतेस, कान तुटलेले, चहाला न चालणारे. शाळेच्या लॅबमधून औषधाच्या बाटल्यांत भरून आणलेलं आम्ल तू दोन्हीत ओतलंस. एकात हायड्रोक्लोरिक, दुसऱ्यात सिरक्याचं, म्हणजे व्हिनेगरचं. दोन्ही सारखीच पातळ केलेली, सारखीच मोजून. म्हणालीस, घरात हायड्रोफ्लोरिक आणता येत नाही, ते काच खाते, पण जात या सिरक्याचीच. आधी कागदाची पट्टी बुडवायला लावलीस. एक लालभडक झाली, दुसरी नारिंगीच्या जवळ राहिली. तू विचारलंस, आता सांग, कोणाले सोडा कमी लागन? मी सिरक्याच्या कपाकडे बोट दाखवलं. त्यात काय सांगायचं, असं माझं तोंड असणार.

तू दोन्ही कपांत हळदीची चिमूट टाकलीस आणि डोळ्यांच्या औषधाचा धुतलेला ड्रॉपर माझ्या हातात दिलास. मी सोड्याचं पाणी थेंब थेंब टाकतो आहे. पहिला कप बराच वेळ पिवळा राहतो आणि मग एकदम विटकरी लाल होतो. झालं, आम्ल संपलं. मी दुसऱ्या कपाकडे येतो. मला वाटतं, हा आता होईल. होत नाही. आणखी टाकतो. पिवळाच. मी थेंब मोजतो आहे, तू मोजायला सांगितलं नाहीस तरी. पहिल्याच्या निम्म्यावर येतो, पुढे जातो, हात भरून येतो. दुसरा कपही तिथेच लाल झाला जिथे पहिला झाला होता.

"बाकीचा लपून बसला होता," मी म्हणालो.

"लपला नाही. तिथंच होता. तू पाहिलं नाही." तू कप मोरीत रिकामे केलेस. "सोडा मांगन तसतसा देते तो. पण आहे त्याच्यापाशी सारं."

तोवर भात खाली लागला होता. बाबा उठून जेवायला बसले, वास घेतला, आपल्या दोघांकडे पाहिलं आणि खरवडून खाल्ला.  तुझ्या घरात आम्हा दोघांना हे कळत होतं की कधी विचारायचं नाही.

शनिवारी लॅबच्या दारात मला ऐकू आलं ते हे, बाकीचा कुठं जाते. तो आवाज आईचा होता की मॅडमचा, ते मला सांगता येणार नाही. त्या एका वाक्यापुरती तू दोन्ही होतीस. बाकीचा अंगठ्यात जातो, आई. हेच तर आहे. तुटलेलं आम्ल कातडीला भिडतं, जाळतं, माणूस ओरडतो, पाण्याखाली हात धरतो. हे अख्खं असतं म्हणून कातडीतून मुकाट्याने आत शिरतं, आणि आत गेल्यावर लागेल तसं सुटत राहतं. त्यातला फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम धरतो, हाडापर्यंत जातो. आग नंतर होते, काही तासांनी. तेव्हा माणूस घरी जेवत असतो.

मी इंचार्जला म्हणालो, माल राहू दे. पॉलिशवाल्याचा हात नळाखाली धरला. आमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये कॅल्शियमचं एक जेल असतं, याच्यासाठीच. मुदत संपली की मी नवीन मागवतो, आणि दर वेळी स्टोअरवाला म्हणतो, "साहब का मलहम फिर एक्सपायर हो गया. किसी के काम नहीं आया." मी म्हणायचो, न येऊ दे. ते काढलं, माझ्या हातात मोजे चढवले आणि त्याच्या अंगठ्यावर चोळायला लागलो. बाहेर माणसं जमली. पॉलिशवाला त्यांना म्हणतो, "देख लो, भैया मेहंदी लगा रहे हैं." सगळे हसले. मला हसू येत नव्हतं, आणि माझं तोंड पाहून हळूहळू तेही थांबले. इंचार्जनेच जीप काढायला सांगितली. मी पुढे बसलो आणि इंचार्ज मागे पॉलिशवाल्याचा हात मांडीवर घेऊन सगळा रस्ता जेल चोळत राहिला. हे त्याच्याबद्दल लिहायलाच हवं. उरल्याच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, तिथे तो मला म्हणाला, सर, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. मी म्हटलं, शिकवलं असेल, उत्तर बरोबर येत होतं म्हणून लक्षात राहिलं नसेल. माझंही तसंच होतं.

हॉस्पिटलात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी अंगठा पाहिला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, जळलंय कुठे? काही दिसतच नाही. त्यांचंही खरं होतं. बाहेर लोक रक्ताने माखलेले बसले होते आणि आम्ही एक स्वच्छ अंगठा घेऊन गेलो होतो. मी आवाज चढवणारा माणूस नाही. पण म्हणालो, "दिखेगा, मॅडम. शाम को दिखेगा. तब देर हो चुकी होगी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आम्लाचं नाव पुन्हा विचारलं, फोन करून मोठ्या डॉक्टरांना विचारलं, आणि मग कुणी वेळ घालवला नाही. कॅल्शियमची इंजेक्शनं सुरू झाली. दिवेलागणीला त्याला कळ आली. मेहंदीवरून हसवणारा माणूस उशी चावत होता. काल दुपारी नखाखालचा भाग काळपट दिसला, आणि डॉक्टर म्हणाले, उद्या पट्टी उघडू तेव्हा सांगतो, आत्ता काही बोलत नाही.

त्याची बायको आता माझ्या शेजारीच बसली आहे. पिशवीत त्याचे धुतलेले कपडे आहेत. शनिवारपासून ती माझ्याशी फार बोलली नव्हती. मला वाटत होतं ती मला दोष देत असेल, पाणी माझंच ना. मघाशी तिने विचारलं, भैया, हे कसलं तेजाब, जे लागलं तेव्हा जळालं पण नाही? मी तिला जमेल तसं सांगितलं. काही तेजाब बाहेरच भांडतं आणि संपतं. हे भांडत नाही, अख्खंच्या अख्खं आत जातं आणि तिथे हळूहळू काम करतं. तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "हव. हमर सास कस हे." हो, आमच्या सासूसारखं आहे म्हणे. स्वतःच बोलली, तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता रडली. मी खाली जाऊन दोन चहा घेऊन आलो. आणखी काय करायचं ते मला सुचलं नाही. तू असतीस तर तुलाही सुचलं नसतं असं वाटतं. तू तिला विचारलं असतंस, पोरं कोणत्या वर्गात आहेत.

एक गोष्ट इथे बसून आठवली. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तू तुझा लॅबचा पांढरा कोट मला दिलास. खांदे उसवून मोठे केले होतेस, बाह्यांना पट्टी जोडली होतीस. म्हणालीस, नवा घेशील तोवर घाल. त्याची बटणं उलट्या बाजूला होती, बायकांच्या कपड्याला असतात तशी, आणि ते तुझ्या लक्षात आलं नाही किंवा आलं आणि तू सोडून दिलंस. सिलतऱ्याला पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "किसका पहन आए, भाभी का?" माझं लग्न व्हायचं होतं.  नवा कोट कंपनीने दिला तरी मी तोच घालत राहिलो, फाटेपर्यंत. तुला वाटलं असेल की काटकसर करतो आहे.

आणि तुझे शेवटचे दिवस. ते असंच एक हॉस्पिटल होतं. तुला सलाईन लावायला सिस्टर आली आणि तू हात पुढे केला नाहीस. आधी चष्मा मागितलास. बाटली खाली घ्यायला लावलीस, लेबल वाचलंस, सगळं, खालच्या बारीक अक्षरांसकट, आणि मग म्हणालीस, हं, लावा. सिस्टर चिडली होती. मी तिची माफी मागितली. आज मागितली नसती.

बोलावताहेत. पट्टी उघडायला घेतली आहे.

संध्याकाळ. घरी आलो.

अंगठा राहिला. नख गेलं आहे आणि टोकाचं थोडं मांस जाईल, पण हाड चांगलं आहे आणि अंगठा वाकतो. डॉक्टरांनी त्याला टाचणी टोचून विचारलं, कळतं का, तर तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. डॉक्टर म्हणाले, बहुत बढिया. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवशी कळ आल्यावर आणलं असतं तर हे जमलं नसतं. मी मान हलवली. तुझं नाव मी तिथे घेतलं नाही. त्यांना काय सांगणार? की माझी आई बारावीला रसायन शिकवायची आणि ती मला एकदा सगळ्यांसमोर मराठीत बोलली होती. इंचार्जला फोन केला. तो म्हणाला, उद्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकदा बसवून सांगाल का, मी पण बसतो. मी हो म्हटलं आहे. फळा नाही आमच्याकडे. पत्र्यावर खडूने लिहीन. हळदही नेईन आणि दोन कप, थेंब त्यांच्याकडूनच टाकून घेईन. हिंदीत सांगावं लागेल. तुझ्यासारखं येणार नाही, पण वाचायला लावीन.

मी तुला कधी म्हटलं नाही, की तू मला चांगलं शिकवलंस. आपल्या घरात तसं म्हणायची पद्धत नव्हती. तूही मला कधी म्हटलं नाहीस, की तुला बरं येतं. त्याची मला आता काही तक्रार नाही. एक माणूस पुन्हा चाक धरू शकेल. तुझं शिकवणं कुठवर पोचलं ते तुला कळायला हवं होतं, एवढंच वाटतं, आणि त्याला काही इलाज नाही. हे कागद कुठे टाकायचे तेही कळत नाही. बायको आली की तिला दाखवीन असं सकाळी मनात होतं. आता वाटतं, नको.

एक राहिलं. पट्टी उघडली तेव्हा मी पाहत नव्हतो. त्याची बायको त्याच्या उशाशी उभी राहून टक लावून पाहत होती, इंजेक्शन देणारी सिस्टरसुद्धा वाकून पाहत होती, आणि मी खिडकीकडे तोंड करून खालच्या स्कूटरी बघत होतो. तो ओरडला तेव्हा वळलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. तुला सांगितलं.

शनिवारचा शर्ट खुंटीला तसाच आहे. बाहीवर जेल वाळून पांढरं झालं आहे. आता उठतो, बादलीत पाणी घेतो आणि तो भिजत घालतो.